येलदरीच्या पाण्यात सोबत

सोनपेठच्या अलीकडे दोन पोलिसांनी माझी जीप थांबवली. मागे सहा टाक्या आडव्या, गोधडीत गुंडाळून दोरीने करकचून बांधलेल्या होत्या. दोघांतल्या मोठ्याने गोधडीचं टोक उचललं, टाकीवर बोटाने टकटक केलं आणि विचारलं, "ह्यात काय हाय?"

"हवा," मी म्हणाले.

"कंची हवा?"

"आपण श्वासात घेतो तीच. दाबून भरलेली."

तो थोडा वेळ टाक्यांकडे पाहत राहिला, मग जीपच्या सिंधुदुर्गच्या नंबराकडे. "मालवणची हवा हिकडं काहून आणायलाव बाई? आमच्या परभणीत हवा न्हाई का?"

मी ओळखपत्र दाखवलं, मोबाईलवर पाण्याखालचे फोटो दाखवले. एका फोटोत मी समुद्राच्या तळाशी मांडी घालून बसले आहे आणि डोक्याभोवती पिवळे मासे फिरताहेत. तो फोटो त्याने दुसऱ्याला दाखवला, दुसऱ्याने शेजारच्या टपरीवाल्याला. टपरीवाल्याने चहा पुढे केला. "पाण्यात उतरायलाव, तर अंगात गरम असावं," म्हणाला आणि काही केल्या पैसे घेईना. परभणी जिल्ह्याशी माझी पहिली ओळख झाली ती अशी.

मी मालवणची. पंधरा वर्षं पर्यटकांना स्कुबा डायव्हिंगला नेते. नेते म्हणजे काय, तर हाताला धरून पंधरा मिनिटं खाली फिरवून आणते, फोटो काढते आणि वर आल्यावर "मस्त ना?" विचारते. यंदा ऐन हंगामात आमच्या होडीचं इंजिन बसलं आणि आठ-दहा दिवस रिकामे मिळाले. इतक्या वर्षांत मी स्वतःसाठी पाण्यात उतरलेच नव्हते. मनात आलं, ज्या पाण्याची आपल्याला काडीचीही माहिती नाही अशा ठिकाणी जावं. समुद्र नको, गोडं पाणी हवं. नकाशावर पूर्णा नदीवरचं येलदरीचं धरण सापडलं.

पण आमच्या कामाचा पहिला नियम म्हणजे पाण्यात एकट्याने उतरायचं नाही. नेहमीचा जोडीदार, माझा चुलतभाऊ, इंजिनच्या मागे लागलेला. म्हणून डायव्हिंगवाल्यांच्या एका मोबाईल ग्रुपवर लिहिलं, "परभणी जिल्ह्यात कोणी आहे का?" उत्तरं आली ती सगळी टवाळीची. एकाने लिहिलं, तिकडे हंड्यातच बुडी मार. तिसऱ्या दिवशी मात्र एक निरोप आला. "ताई, मी आहे. प्रज्ञा वाघमारे. सोनपेठला शाळेत गणित शिकवते. तीन वर्षांपूर्वी अंदमानला कोर्स केला, त्यानंतर पाण्यात गेले नाही. तुम्ही येणार असाल तर परवानगीचं मी बघते."

आणि तिने खरंच बघितलं. रोज शाळा सुटल्यावर ती पाटबंधारे खात्याच्या कचेरीत जाऊन बसायची. तिथल्या साहेबांनी आधी विचारलं, मासे धरणार का? नाही. मग बुडालेलं माणूस काढायचंय का? नाही. मग कशाला जायचंय? "बघायला," असं तिने अर्जात लिहून दिलं. कागद मिळाला.

सोनपेठ

मी पोहोचले तो बाजाराचा दिवस होता. लाल मिरच्यांचे ढीग, पोत्यांवर मांडलेली तूर, गुळाच्या ढेपांवर घोंघावणाऱ्या माशा, आणि या सगळ्यातून वाट काढत एस.टी. बस अगदी सावकाश, कुणाच्याही टोपलीला धक्का न लावता जात होती. प्रज्ञा एस.टी. स्टँडपाशी उभी होती. चौतिशीची, बारीक अंगाची, शाळेच्या साडीत. खांद्याला भाजीच्या पिशवीसारखी पिशवी आणि त्या पिशवीत तिचा पाण्यात घालायचा काचेचा मास्क.

जीपमध्ये बसल्यावर पहिली दहा मिनिटं ती शाळेबद्दल, मुलांबद्दल बोलली. गाव मागे पडलं. मग समोर बघतच म्हणाली, "ताई, एक सांगायचंय. अंदमानला शेवटच्या डुबकीत मी लय घाबरले होते. सगळ्यांच्या आधी वर आले. हे आधी सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता."

खरं होतं, आले नसते. मला रागही आला. सहाशे किलोमीटर गाडी हाणल्यावर जोडीदार असं सांगतो तेव्हा काय वाटतं, हे डायव्हिंग करणाऱ्यालाच कळेल. पाण्याखाली आपला जीव त्या दुसऱ्या माणसाच्या हातात असतो. ती म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तरी चालंल. पिंगळीला आमच्या घरी जेवा, उद्या येलदरी बघा अन् परत जा."

"कशाने घाबरलीस?" मी विचारलं.

"मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं. ते काढायचं कसं ते येत होतं मला. पण हातच हलंना."

ज्याला आपली भीती इतकी नेमकी सांगता येते, त्याला शिकवता येतं, असा माझा अनुभव आहे. मी म्हटलं, "उद्या गुडघाभर पाण्यात आधी तेच करू. वीस वेळा." ती हसली, पण फार नाही.

पिंगळी

प्रज्ञाचं घर पिंगळी स्टेशनापासून चालत पाच मिनिटांवर. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे ताजी फुलं आणि भिंतभर पुस्तकं. तिचे वडील तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. "जय भीम, या," म्हणून त्यांनी स्वतः पाण्याचा तांब्या पुढे केला आणि लगेच म्हणाले, "बसू नका, आधी शेतात जायचं. ज्वारी आता कडक व्हायलीय. हुरड्याचे हेच शेवटचे दोन दिवस."

हुरडा मी ऐकून होते, कधी खाल्ला नव्हता. आमच्याकडे ज्वारीच नाही. शेताच्या बांधावर गोवऱ्यांचा विस्तव केला होता. त्यात कोवळी कणसं भाजायची आणि हातावर चोळायची. फुंकर मारली की कोंडा उडून जातो आणि तळव्यावर हिरवे मऊ गरम दाणे राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. मला चोळायला जमेना, तळवे पोळले, तेव्हा ते माझ्यासाठी एकामागून एक कणीस चोळत राहिले आणि स्वतः मात्र खाल्लं नाही. आमच्याकडे पाहुण्याला पहिली तुकडी माशाची वाढतात. तीच ही रीत, फक्त हात पोळून घेणारी.

अंधार पडायच्या आत त्यांनी हळूच विचारलं, "किती खोल जाणार?"

"आठ-नऊ मीटर."

त्यांनी मनात हिशेब केला. "म्हंजे आमच्या हिरीएवढं." हीर म्हणजे विहीर. "त्या हिरीत मी पोहायला शिकलो. हिलाबी तिथंच शिकवलं. पर तळाला कुणी गेलं न्हाई कधी." मग शेवटचं कणीस माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "तुमच्या भरवशावर पाठवायलोय, ताई."

मी मान हलवली. भरवसा कुणी कुणावर ठेवायचा होता, ते पुढे कळलं.

येलदरी

जिंतूर मागे पडलं की जमीन चढू-उतरू लागते आणि एका वळणावर अचानक पाणी दिसतं. मी समुद्रकाठची. पाण्याने मी दिपत नाही. पण इतका वेळ काळी शेतं, तुरीच्या काड्या, निष्पर्ण झाडं पाहिल्यावर ते निळं पसरलेलं पाणी दिसलं आणि मी जीप थांबवली. लाटा नाहीत, गाज नाही. लांब एक बगळा उडत होता आणि त्याचं प्रतिबिंब त्याच्या खालून त्याच्याबरोबर जात होतं.

कचेरीच्या कागदावर एक अट होती की स्थानिक माहीतगार बरोबर असावा. असा माहीतगार एकच, असं सगळ्यांनी सांगितलं. ते मारोतीकाका. साठीचे, उन्हाने काळवंडलेले मासेमार. ते आणि त्यांची बायको गयाबाई काठाजवळच्या पत्र्याच्या घरात राहतात. काका जाळं विणत बसले होते. आमचं बोलणं ऐकून घेतलं, टाक्या उलट्या-सुलट्या करून पाहिल्या आणि म्हणाले, "ह्या धरणात कुणी बुडालं की पोलीस मला बोलावतेत. आजवर लय माणसं काढली. पाण्याखाली जायचं म्हंजे मेलेलं आणायला, येवढंच मला मालूम. तुमी जित्ते जाणार, जित्ते येणार अन् हातात काहीच आणणार न्हाई?"

"हो," मी म्हटलं.

ते बराच वेळ हसले. मग जाळं बाजूला ठेवलं आणि काठी घेऊन मातीत नकाशा काढायला बसले.

पंधरा वर्षांत मी किती देशी-विदेशी डायव्हरांकडून पाण्याची माहिती ऐकली असेल. यापेक्षा चांगली कधीच ऐकली नाही. भिंतीच्या बाजूला, वीजघराकडे, पाणी ओढतं, तिकडे नाव सुद्धा न्यायची नाही. सकाळी पाणी स्थिर, दुपारी वारा सुटला की काठ गाठायचा. या अंगाला मुरूम आहे, तिथे जुनी गाडीवाट बुडालेली आहे, पाणी निवळ. त्या अंगाला पूर्वीची शेतं. तिथे काळी माती.

"काळ्या मातीला पाय लावायचा न्हाई," काका म्हणाले. "पाय लागला की दिवसा रात व्हती. तसं झालं तर हलायचं न्हाई. दम धरायचा. माती आपोआप बसती. मी दोनदा-तीनदा अडकलोय, दम धरला म्हणून वर आलो."

शेतांच्या पलीकडे त्यांनी काठीने एक गोल काढला. "ही बाभळीची राई. झाडं वाळली, पर पडली न्हाईत. आमची जाळी तिथं अडकतेत अन् तिथंच राहतेत. हितं जायचं न्हाई. बाकी सगळं धरण तुमचं."

प्रज्ञा हे सगळं वहीत उतरवून घेत होती, मास्तरीण ती. मी ऐकत होते आणि मान हलवत होते. ऐकणं आणि लिहून घेणं यातला फरक मला चोवीस तासांनी समजला.

त्या दिवशी आम्ही मुरमाच्या बाजूला उतरलो. आधी गुडघाभर पाण्यात बसून प्रज्ञाने मास्कमध्ये पाणी घेतलं आणि काढलं. वीस नाही, तीस वेळा. काठावर गावातली चार-पाच मुलं जमली होती, ती मोठ्याने मोजत होती. मग माझी फजिती. गोड्या पाण्यात माणूस कमी तरंगतं, म्हणून खाली जाण्यासाठी कमरेला बांधायचं शिसं कमी लागतं. हे मला माहीत होतं. किती कमी, याचा अंदाज चुकला आणि मी, पंधरा वर्षांची अनुभवी, पाट्यासारखी थेट तळाशी जाऊन बसले. वर येऊन दोन तुकडे काढून ठेवले. काका म्हणाले, "गोडं पाणी हाय बाई, खारटावानी उचलून धरणार न्हाई."

आणि मग आम्ही खाली गेलो. पाण्याचा रंग कैरीच्या पन्ह्यासारखा. आठ-दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं. मालवणच्या पाण्यात रंगांची जत्रा असते. इथे सगळं हिरवट आणि करडं. पण मला थांबवलं ते शांततेने. समुद्राखाली सतत तडतड ऐकू येते, कढईत मोहरी टाकावी तशी. तिची मला इतकी सवय की मी ती ऐकतच नाही. इथे ती नव्हती. माझा श्वास, प्रज्ञाचा श्वास, बस्स. खाली बैलगाडीची वाट स्पष्ट दिसत होती, दोन्ही कडांना लावलेल्या धोंड्यांसकट. चाकोऱ्यांच्या खाचेत शिंपले उभे रुतून बसले होते. त्या वाटेने आम्ही दोघी कुठल्यातरी गावाला निघाल्यासारख्या सावकाश जात राहिलो. एका क्षणी हिरव्या अंधारातून एक भलामोठा कटला मासा समोर आला. ताटाएवढी खवल्यांची कूस, फुगलेले ओठ, डोळ्यांत जराही घाई नाही. तो आमच्या दोघींच्या मधून गेला. प्रज्ञाने माझा हात दाबला. भीतीने नाही, आनंदाने.

दुपारी गयाबाईंनी मरळ माशाचा रस्सा केला. नारळ नाही, कोकम नाही. काळा मसाला, चिंच, वरून लसूण. मी खरं सांगते, गोड्या पाण्यातल्या माशाला आम्ही किनाऱ्यावरची माणसं नाक मुरडतो. मी ज्वारीच्या तीन भाकरी खाल्ल्या. गयाबाई म्हणाल्या, "समुद्राचा मासा बरा का आमचा?" मी म्हटलं, "मासा आमचा, रस्सा तुमचा." त्यांना ते पटलं नाही, पण चौथी भाकरी वाढली.

बाभळीची राई

आता त्या चुकीबद्दल सांगते. ती सर्वस्वी माझी होती.

दुसऱ्या सकाळी काकांनी नाव शेतांच्या बाजूला नेली. प्रज्ञाच्या कमरेला त्यांनी दोर बांधला. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे दोर सैल सोडा, तीन म्हणजे वर ओढा. मला बांधायला आले तेव्हा मी नको म्हटलं. पाण्याखाली दोर अडकतो, आम्हाला तसंच शिकवलेलं. काकांनी आग्रह केला नाही. "पोरीला ऱ्हाऊ द्या मग," एवढंच म्हणाले.

आठ मीटरवर आम्ही तळापासून हातभर वर तरंगत चाललो. काही वेळाने पुढे काळे उभे आकार दिसू लागले. झाडं. पाण्यात उभी असलेली खरी झाडं, फांद्यांसकट, आणि फांद्यांना मखमलीसारखं हिरवं शेवाळ. त्यांच्यामधून चांदीसारखे बारीक मासे थव्याने वळत होते. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. प्रज्ञाने हात आडवा करून मला थांब म्हणून खूण केली. मी बोटाने एक दाखवलं, एकच मिनिट, आणि पुढे गेले.

एका फांदीखालून गेले आणि मागून कुणीतरी धरलं. टाकीच्या तोंडाला नायलॉनचं जुनं जाळं लागलं होतं. वळले, तर दुसरा पदर दंडाला गुंडाळला. हे मला सोडवता यायला हवं होतं. दुसऱ्यांना मी हेच शिकवते. पण मी पाय झाडले. एकदाच, जोराने. आणि काकांनी सांगितलं होतं तेच झालं. काळी माती धुरासारखी वर आली आणि दिवसाची रात्र झाली. स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसेना. मी ओढत होते, जाळं आवळत होतं, श्वास जलद चालला होता आणि जितका श्वास जलद, तितकी टाकी रिकामी. हे सगळं कळत होतं आणि थांबता येत नव्हतं. हातच ऐकेना.

तेवढ्यात माझ्या मनगटावर बोटं आली. चाचपत, कमरेच्या दोरासकट, प्रज्ञा माझ्यापर्यंत पोहोचली होती. मला वाटलं, आता ही जाळं खेचेल, नाहीतर घाबरून वर जाईल. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, छातीशी धरले आणि घट्ट दाबून ठेवले. हलू नको. मग तिने श्वास लांब घेतला, लांब सोडला. मला ऐकू जावा असा. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तसा ती माझ्याकडून श्वास म्हणवून घेत होती. हळूहळू माझा श्वास तिच्या मागोमाग चालू लागला.

किती वेळ गेला सांगता येत नाही. चार मिनिटं असतील. आधी तिच्या मास्कची कड दिसली, मग डोळे, मग माझ्या दंडावरचे पांढरे धागे. माती बसत होती. तिने माझ्या पायाच्या पट्ट्यातला सुरा काढला आणि एकेक धागा, घाई न करता, कापला. शेवटचा धागा तुटला तेव्हा माझ्या टाकीतली हवा दाखवणारा काटा लाल खुणेच्या जरा वर होता. तिने दोराला एक हिसका दिला आणि आम्ही दोराच्या अंगाने सावकाश वर आलो.

काका नावेच्या कडेला सदरा काढून बसले होते. हातात विळा. आमची तोंडं दिसताच त्यांनी विळा खाली ठेवला. "बुडबुडे एका जाग्यावर यायले," म्हणाले. "मंग एकदा दोर लय हलला, मंग थांबला. पोरीनं दोन हिसके दिले. सैल सोडा. तवा समजलं, पोरगी शुद्धीत हाय. म्हणून थांबलो. आणखी थोडं झालं असतं तर येतच व्हतो."

मला नावेत ओढून घेतल्यावर मी मास्क काढला. मग म्हटलं, "काका, तुम्ही सांगितलं होतं."

"सांगितलं व्हतं," ते म्हणाले, आणि वल्हं हातात घेतलं. बस्स. आमच्या किनाऱ्यावर माझ्यासारखं कुणी केलं असतं तर मी त्याला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं असतं.

काठाला लागल्यावर मी प्रज्ञाला विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"लय वाटली," ती टॉवेलने केस पुसत म्हणाली. "म्हणून तर हलले नाही, ताई. काकांनी सांगितलेलं वहीत लिहिलं होतं ना, दम धरायचा. तेवढं एकच आठवत होतं. दुसरं काही आठवलं असतं तर कदाचित वर पळाले असते."

मी तिला जवळ घेतलं. पंधरा वर्षांत शेकडो माणसांचे हात मी पाण्याखाली धरले. माझे कुणी धरले, ते त्या दिवशी पहिल्यांदा. संध्याकाळी तिच्या वडिलांना फोनवर मी सगळं सांगितलं, माझी चूक सुद्धा. मग ते म्हणाले, "म्हंजे आमची पोरगी तुमच्या कामी आली." आवाजात तक्रार नव्हती, अभिमान होता, आणि त्याने मला तक्रारीपेक्षा जास्त लाजवलं.

शेवटची सकाळ

दोन टाक्या उरल्या होत्या. मी काकांना विचारलं, त्या राईतली जाळी बाहेरच्या बाहेरून काढता येतील का? ते म्हणाले, येतील, मी सांगतो तसं केलं तर. या वेळी दोर मी स्वतःहून मागून बांधून घेतला. राईच्या कडेला, झाडांच्या आत न शिरता, आम्ही बाहेर आलेल्या जाळ्याला दोराचा आकडा अडकवायचो आणि लांब व्हायचो. काका आणि गयाबाई वरून ओढायचे. तासाभरात नावेत गुंतलेल्या नायलॉनचा ढीग झाला. त्यात माशांचे सांगाडे होते, आणि एक कासव होतं, जिवंत. गयाबाईंनी जाळं कापून त्याला मोकळं केलं आणि दोन्ही हातांनी पाण्यात सोडलं.

परत येताना मुरमाच्या बाजूला नाव थांबली. ऊन सरळ तळापर्यंत जात होतं. मी मास्क धुऊन ठेवत होते. गयाबाईंनी तो उचलला, काचेतून माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "हे घालून बघितलं तर दिसतंय का खालचं?"

"तुम्ही कधी डोळे उघडले नाहीत पाण्यात?"

"उघडले की. पर धुकं दिसतं. चाळीस वरीस झाले हितं मासे धरायला. मासा बघितला त्यो जाळ्यातच."

मी त्यांचा पदर कमरेला खोचून दिला, केस मागे घेतले, मास्क नीट बसवला आणि श्वास घ्यायची वाकडी नळी तोंडात कशी धरायची ते दाखवलं. त्या नावेच्या कडेवर पालथ्या झोपल्या आणि चेहरा पाण्यात घातला. काकांनी त्यांचे पाय धरून ठेवले. पहिल्यांदा दचकून वर आल्या, खोकल्या, "नळीत पाणी गेलं" म्हणाल्या. पुन्हा घातला. या वेळी वर आल्याच नाहीत. नळीतून श्वासाचा आवाज येत होता, शांत, एकसारखा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काका म्हणाले, "अगं ये, जायचंय त्यांना." पाण्याखालून एक हात वर आला आणि थांबा म्हणून हलला.

वर आल्या तेव्हा चेहऱ्यावर मास्कचा गोल वळ उठला होता. त्यांनी हाताने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "वरून बघितलं की मासा म्हंजे इकायचा, खायचा. खालून बघितलं तर त्योबी सकाळी उठून आपल्या कामाला निघालाय."

"मग आता उद्यापासून जाळं टाकायचं न्हाई व्हय?" काकांनी चिडवलं.

"टाकायचं की," गयाबाई म्हणाल्या. "पोट हाय. पर आता वळख झाली."

आणि त्यांनी मास्क पुन्हा डोळ्यांवर ओढला.